वैद्यकातील विद्यावाचस्पती : रुग्णशय्येपासून प्रबंधापर्यंत

११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’च्या पदवीदान समारंभात, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्यास वीस दिवस बाकी असलेल्या एका मराठी स्त्रीने ‘डॉक्टर ऑफ मेडिसिन’ ही पदवी स्वीकारली. पंडिता रमाबाई या सोहळ्यास मुद्दाम उपस्थित होत्या. पदवीसाठी त्या महाविद्यालयात तेव्हा प्रबंध सादर करावा लागे. आनंदीबाई जोशी यांनी निवडलेला विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघा दहा दिवस जगला होता. त्या प्रबंधाची प्रत आजही फिलाडेल्फियात जतन केलेली आहे.

आनंदीबाईंच्या प्रबंधाला आता सुमारे एकशेचाळीस वर्षे होत आली. या काळात वैद्यकीय संशोधनाचे स्वरूप आमूलाग्र पालटले. ग्रंथांच्या आधारे केलेल्या विवेचनाची जागा प्रयोगशाळा, रुग्णालय आणि गावोगावच्या पाहण्यांनी घेतली; प्रबंधाचे नियम ठरले, नीतीची बंधने आली. तरीही नावापुढे ‘डॉक्टर’ लावणारी ही दुसरी पदवी, म्हणजे पीएच.डी. अथवा विद्यावाचस्पती, नेमकी कशासाठी असते, ती कोण करतो आणि तिचा रुग्णाला काय उपयोग, याविषयी सुशिक्षितांच्या मनातही पुष्कळ संदिग्धता आढळते. या पदवीचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

एम.डी. आणि पीएच.डी. : फरक कोणता?

पहिला गोंधळ नावांचा. अमेरिकेत एम.डी. ही वैद्यकाची पहिली व्यावसायिक पदवी आहे. आनंदीबाईंची पदवी याच प्रकारची होती. भारतात एम.बी.बी.एस. ही पहिली पदवी आणि एम.डी. किंवा एम.एस. ही त्यानंतरची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. एम.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंध लिहावा लागतो; पण त्याचा मुख्य उद्देश विशेषज्ञ घडविणे हा असतो. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग, रात्रपाळी आणि परीक्षा यांतून उरलेल्या वेळात हा प्रबंध सिद्ध होतो. संशोधनाची तोंडओळख व्हावी, एवढीच त्याच्याकडून रास्त अपेक्षा असते.

पीएच.डी.चे प्रयोजन निराळे आहे. येथे उमेदवाराने मानवी ज्ञानात काहीतरी नवी भर घालावी लागते. ती भर लहान असली तरी चालते. मात्र ती स्वतंत्र, तपासून पाहता येण्याजोगी आणि पुराव्यावर उभी असावी लागते. एखाद्या आजारावर उत्तम उपचार करणारा डॉक्टर त्या आजाराविषयीचे नवे ज्ञान निर्माण करीलच असे नाही. तसेच नवे ज्ञान निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने रुग्ण तपासलेला असतोच असेही नाही.

किंबहुना वैद्यकीय संशोधनाचा मोठा भार डॉक्टर नसलेल्या शास्त्रज्ञांनी वाहिला आहे. कमला सोहोनी हे याचे आपल्या जवळचे उदाहरण. माहेरच्या कमला भागवत यांना १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, स्त्री असल्याच्या कारणावरून, प्रथम प्रवेश नाकारण्यात आला आणि नंतर अटी घालून देण्यात आला. पुढे १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना वनस्पतींतील ‘सायटोक्रोम सी’ या प्रथिनावरील संशोधनासाठी पीएच.डी. दिली. त्यांचा प्रबंध अतिशय आटोपशीर होता. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आपले जीवरसायनशास्त्र गरिबांच्या आहाराकडे वळविले. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. पेशीतील एका प्रथिनापासून कुपोषित मुलांपर्यंतचा हा प्रवास विद्यावाचस्पती पदवीचा खरा अर्थ सांगून जातो. पदवीच्या निमित्ताने अंगी बाणलेली शिस्त पुढे आयुष्यभर निरनिराळ्या प्रश्नांना लावता येते.

प्रश्न कोठून येतो?

संशोधनाची सुरुवात उपकरणांपासून होते, असा एक समज आहे. वस्तुतः ती प्रश्नापासून होते, आणि योग्य प्रश्न सापडणे हे उमेदवाराच्या दृष्टीने सर्वांत कठीण काम असते. ‘मधुमेह आणि आहार’ हा विषय झाला. तो प्रश्न नव्हे. कोणत्या लोकांमध्ये, कोणत्या आहाराचा, कोणत्या परिणामाशी, किती काळात संबंध तपासायचा, हे निश्चित झाले म्हणजे विषयाचा प्रश्न होतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे येण्याची शक्यताही त्यात असावी लागते. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले आहे, त्यावर प्रबंध लिहिता येईल. संशोधन होणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील एक अभ्यास या संदर्भात आवर्जून सांगण्यासारखा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तो पदवीसाठी केलेला नव्हता. पण प्रश्न कसा विचारावा, याचा तो वस्तुपाठ आहे. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, अशी तोवरची धोरणकर्त्यांची समजूत होती. बंग दांपत्याने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र ८ टक्केच होत्या. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखणे सर्वत्र होते. कोणी विचारलेले नव्हते, एवढेच.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देवबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधा प्रश्न विचारला होता : खेड्यातील क्षयरोग्याला आपल्या आजाराची जाणीव असते का? अडाणी रुग्ण स्वतःहून येत नाही, हे तेव्हाचे गृहीत होते. प्रत्यक्षात बहुतेकांना लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. दोष रुग्णाच्या अज्ञानाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक होता. क्षयरोगाची सेवा सामान्य आरोग्यकेंद्रांतूनच मिळावी, ही १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची भूमिका याच विचाराशी निगडित होती. एक प्रश्न नीट विचारला गेला, तर धोरणाची दिशा कशी बदलते, हे यातून दिसते.

पुरावा कसा उभा राहतो?

प्रश्न ठरला की पद्धती ठरते. एखाद्या रोगाचे प्रमाण जाणून घ्यायचे असेल तर लोकसमूहाची एकाच काळातील पाहणी पुरते. रोगाचे कारण शोधायचे असेल तर रोगी आणि निरोगी अशा दोन गटांच्या पूर्वायुष्याची तुलना करतात, किंवा निरोगी माणसांचा समूह निवडून वर्षानुवर्षे त्याचा मागोवा घेतात. उपचाराचा गुण पाहायचा असेल तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगाने दोन गट पाडून एकाला नवा उपचार आणि दुसऱ्याला प्रचलित उपचार देतात. उपचार कोणाला मिळावा हे संशोधकाच्या मर्जीवर ठेवले, तर बऱ्या प्रकृतीचे रुग्ण नकळत नव्या उपचाराच्या गटात जाऊन बसतात आणि औषधाला फुकटचे श्रेय मिळते. हा धोका टाळण्यासाठी ही सारी खटपट.

अशा चाचणीची ताकद १९५० च्या दशकात मद्रासमध्ये दिसून आली. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, उत्तम आहार, मोकळी हवा आणि सक्तीची विश्रांती द्यावी, हा त्या काळचा शास्त्रार्थ होता. १९५६ साली स्थापन झालेल्या तेथील केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात आणि दुसऱ्यास त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता, विश्रांतीही कमी होती. तरीही १९५९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा धोकाही अधिक आढळला नाही. ज्या देशात आरोग्यधामांतील खाटा मोजक्या आणि रुग्ण लक्षावधी होते, तेथे या एका चाचणीने घरच्या घरी उपचाराचा मार्ग मोकळा केला.

दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे उदाहरण पुण्याच्या परिसरात आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांची गरोदरपणात आणि त्यानंतर त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी चालविली. भारतीय नवजात बालक वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे या कामातून पुढे आले. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह लवकर का गाठतो, या कोड्याचा एक धागा अशा रीतीने मातेच्या गर्भापर्यंत पोहोचला. असे अभ्यास कोणा एका उमेदवाराच्या आवाक्यातले नसतात. मात्र त्यांतून निघणारा एखादा नेमका उपप्रश्न हा पीएच.डी.चा उत्तम विषय ठरू शकतो.

सार्वजनिक आरोग्यातील संशोधनाला आणखी एक अंग असते. आकड्यांनी ‘किती’ हे कळते. ‘का’ हे कळण्यासाठी माणसांशी बोलावे लागते. लस उपलब्ध असूनही आई मुलाला का आणत नाही, औषध फुकट असूनही रुग्ण ते मध्येच का सोडतो, याची उत्तरे प्रश्नावलीच्या चौकटींत मावत नाहीत. त्यामुळे समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र या शाखांचे पदवीधरही या क्षेत्रात पीएच.डी. करतात. दीर्घ मुलाखती आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांचीही स्वतःची शिस्त आहे. ती सांख्यिकीपेक्षा सोपी असल्याचा समज चुकीचा आहे.

नीतीची कसोटी

वैद्यकीय संशोधन माणसांवर चालते. म्हणूनच भौतिकशास्त्राच्या उमेदवाराला न पडणारा प्रश्न येथे पहिल्या दिवसापासून उभा राहतो : ज्याच्यावर हा अभ्यास होत आहे, त्याचे काय? नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या संबंधीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१७ साली विस्ताराने जाहीर केली. सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत पूर्ण माहिती देणे, तिची स्वेच्छेने संमती घेणे, कोणत्याही क्षणी माघार घेण्याची मुभा ठेवणे आणि अभ्यासापूर्वी नीतिविषयक समितीची मान्यता मिळविणे, ही त्यांतील मूलभूत बंधने. उपचारांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी करण्यासाठी २००७ साली भारतात राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. गैरसोयीचा निष्कर्ष पुढे दडपता येऊ नये, हा तिचा एक उद्देश.

पण नियम पाळले म्हणजे सर्व प्रश्न सुटतात असे नाही. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठी चाचणी झाली. बार्शी येथील रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिच्यात सहभागी होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांना तपासणीच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आणि चौथ्याला नेहमीची सेवा मिळाली. विषाणूची एकदाच केलेली चाचणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटवू शकते, असा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर महत्त्वाचा ठरला. तथापि नंतरच्या काळात या चाचणीवर टीकाही झाली. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना चौथ्या गटाला ती न देणे कितपत योग्य, असा टीकाकारांचा सवाल होता. त्या भागात तपासणीची कोणतीही सोय नव्हती, आणि परवडणारी पद्धत कोणती हे जाणून घेण्याचा दुसरा मार्ग नव्हता, असे समर्थकांचे म्हणणे. दोन्ही बाजू विचार करायला लावणाऱ्या आहेत. पीएच.डी.चा उमेदवार या वादातून एक गोष्ट निश्चित शिकू शकतो : तुलना गटातील प्रत्येक आकडा म्हणजे एक स्त्री असते.

प्रवेश, मुदत आणि मार्गदर्शक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.ची सर्वसाधारण चौकट घालून दिली आहे. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण ही सर्वसामान्य पात्रता; राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनाची नीती यांचा समावेश असतो. पदवीसाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा काळ ठरविण्यात आला असून, फेरनोंदणी करून तो वाढविता येतो. स्त्री उमेदवारांना अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. प्रबंध किमान दोन बाहेरील परीक्षकांकडे जातो आणि त्यानंतर खुली मौखिक परीक्षा होते. वाङ्मयचौर्याबाबत २०१८ ची स्वतंत्र नियमावली आहे. प्रत्येक विद्यापीठाचे तपशील वेगळे असल्याने अर्ज करण्यापूर्वी ते पाहून घेणे इष्ट.

महाराष्ट्रात या संशोधनाच्या संधी मुबलक आहेत. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. विषाणुशास्त्रासाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जननस्वास्थ्यासाठी परळ येथील आयुर्विज्ञान परिषदेची संस्था, कर्करोगासाठी टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील प्रयोगशाळा, तर लोकसंख्या आणि आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था, ही त्यांतील काही प्रमुख नावे.

संस्थेच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मार्गदर्शकाच्या निवडीला आहे. मार्गदर्शकाचे स्वतःचे काम त्या विषयात आहे काय, त्याच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वेळेत पुरे झाले काय, सांख्यिकीतज्ज्ञाचे साहाय्य पहिल्यापासून मिळणार काय, याची चौकशी उमेदवाराने संकोच न बाळगता करावी. पाहणी उरकल्यानंतर सांख्यिकीतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया विचारण्यासारखे आहे. व्यवसाय सांभाळून पीएच.डी. करू पाहणाऱ्या डॉक्टरांनी वेळेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. आठवड्याचा एक मोकळा रविवार या कामाला पुरत नाही.

कपाटातील प्रबंध

या सर्व परिश्रमांचे फलित काय? येथे मात्र चित्र संमिश्र आहे. पदोन्नतीची पायरी म्हणून केलेले, जुन्याच प्रश्नाला नव्या गावाचे नाव दिलेले, निष्कर्षाच्या जागी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ एवढेच सांगणारे प्रबंधही लिहिले जातात. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात सर्वांना पाहता येतात. ही सोय झाल्याने उमेदवाराला आधीचे काम तपासून पाहणे सुलभ झाले आहे आणि तेच काम पुन्हा करण्याची सबब उरलेली नाही.

तरीही प्रबंध उघडा ठेवणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचविणे यांत अंतर आहे. पाहणीसाठी ज्या वस्तीने दार उघडले, रक्त दिले, घरातील दुखणी परक्यासमोर बोलून दाखविली, त्या वस्तीला निष्कर्ष कळविणे हा संशोधनाचा शेवटचा टप्पा मानला गेला पाहिजे. आरोग्यकेंद्राच्या ओट्यावर तासाभराची बैठक, आशा कार्यकर्तीला समजेल असे दोन पानांचे मराठी टिपण, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना दिलेली प्रत, एवढ्याने याची सुरुवात होऊ शकते. निष्कर्ष नकारात्मक असेल, म्हणजे अपेक्षित गुण आला नसेल, तरी तो सांगायला हवा. निरुपयोगी ठरलेल्या उपायावर पुढच्यांचा वेळ आणि पैसा खर्च होणे त्यामुळे टळते.

निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचले तर काय घडू शकते, हेही गडचिरोलीनेच दाखवून दिले. रुग्णालय दूर असलेल्या गावांत, गावातीलच स्त्रीला शिकवून नवजात बालकाची काळजी घरीच घेता येईल काय, हा बंग यांच्या गटाचा पुढचा प्रश्न होता. ३९ गावांत हा प्रयोग झाला, तर ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात नवजात बालकासाठीच्या गृहभेटींचा समावेश झाला.

आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. आपला प्रबंध मायदेशीच्या बाळंतिणींच्या खोलीपर्यंत नेण्याची संधी त्यांना मिळाली नाही. आजच्या उमेदवाराला ती मिळते. आयुष्याच्या पहिल्या दहा दिवसांत मूल का दगावते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आता हाती आले आहे. अनुत्तरित प्रश्न मात्र प्रत्येक वॉर्डात आणि प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांतील एक निवडून, तो प्रामाणिकपणे तडीस नेऊन, त्याचे उत्तर ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत करणे, यातच विद्यावाचस्पती या पदवीचे सार्थक आहे.